चार मुलं, एक सतरंजी: ‘माय फादर्स वर्ल्ड’सोबतची तीन वर्षं

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायला लागले, त्या पहिल्या वर्षी मी चूक केली ती इयत्तेप्रमाणे पुस्तकं घेण्याची. थोरली ९ वर्षांची होती, तिला चौथीचा सेट. मधला ६ वर्षांचा, त्याला पहिलीचा. दोन्ही एकाच परदेशी कंपनीचे, दोन्ही ख्रिस्ती, दोन्ही रंगीत आणि सुबक. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुस्तकं वाईट नव्हती. आमच्या घराला ती लागू पडली नाहीत.

झालं असं, की थोरलीच्या वहीत दावीद राजा आणि मधल्याच्या वहीत नोहाचं तारू. एकीचं विज्ञान म्हणजे चुंबक, दुसऱ्याचं म्हणजे बिया. सकाळी नऊला एकीला समजावून सांगायला बसले की दुसरा पेन्सिल चावत बसायचा. त्याच्याकडे वळले की ती म्हणायची, “मम्मी, माझं राहिलं.” तेव्हा धाकटी ३ वर्षांची, आणि मला चौथ्यांदा दिवस गेलेले. एका घरात दोन शाळा, आणि दोन्हीकडे बाई मीच. दिवाळीच्या आधी एका रात्री मिस्टर शिफ्टवरून आले आणि जेवता जेवता हळूच म्हणाले, “अगं, मुलांना देवाचं वचन घरी शिकवायचं म्हणून आपण हे सुरू केलं ना? पोरं दिवसभर तुझं ओरडणं ऐकतायत.” मला रडूच आलं. ते खोटं बोलत नव्हते.

त्या रात्री ठरवलं, की यापुढे कुठलाही करिक्युलम घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: यात माझी सगळी मुलं एका सतरंजीवर बसतील का? इयत्ता, चित्रं, किंमत, अमेरिकेत कोण काय म्हणतं, ते सगळं त्यानंतर.

उपासना सुटल्यावर मंडळीतल्या दोन-तीन बहिणी नेहमी विचारतात, की तुम्ही नेमकं काय वापरता आणि आम्ही काय घ्यावं. चर्चच्या दारात उभं राहून हे सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे ख्रिस्ती होमस्कूल म्हटलं की बहुतेकांना एसीई आठवतं. ॲक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन, १९७० पासूनचं. आपल्या देशातल्या काही लहान ख्रिस्ती शाळांतही ते चालतं. प्रत्येक विषयाच्या वर्षाला १२ छोट्या पुस्तिका, त्यांना पेस म्हणतात. मूल आपलं आपण वाचतं, लिहितं, उत्तरं तपासतं, आणि परीक्षेत ८० टक्के मिळाले की पुढची पुस्तिका. ज्या घरात आईबाबा दोघंही नोकरीला जातात, किंवा मूल एकटं बसून नेटानं काम करणारं आहे, तिथे ही पद्धत खरंच उपयोगी आहे. आमच्या घरात मात्र पुन्हा तेच झालं असतं. चार मुलं, चार कोपरे, चार वेगळ्या पुस्तिका.

सोनलाइटचा मी खूप विचार केला. १९९० साली परदेशात काम करणाऱ्या मिशनरी कुटुंबांसाठी ते सुरू झालं. त्यात पाठ्यपुस्तकं कमी आणि गोष्टीची पुस्तकं भरपूर. एका पातळीत साधारण दोन-तीन वर्षांच्या अंतराची मुलं एकत्र बसू शकतात. माझ्या थोरलीत आणि मधल्यातच ३ वर्षांचं अंतर, त्यात धाकटीही आली असती तर ओढाताण झाली असती. शिवाय एवढी पुस्तकं समुद्रापलीकडून मागवायची म्हणजे खर्चाचा डोंगर. पैसा हाताशी असेल आणि मुलांचं इंग्रजी पक्कं असेल, तर हे जरूर बघा.

पैसा नसेल तर ॲम्बलसाइड ऑनलाइन बघा. ते फुकट आहे. शार्लट मेसन या इंग्रज शिक्षिकेच्या विचारांवर ते उभं आहे. छोटे छोटे धडे, चांगली पुस्तकं, निसर्गाची वही, आणि वाचून झालं की मुलानं स्वतःच्या शब्दांत सांगायचं. हे शेवटचं मी तिथून उचललं आणि आजतागायत सोडलेलं नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

आम्ही घेतलं ते माय फादर्स वर्ल्ड, हाही एक ख्रिस्ती होमस्कूल अभ्यासक्रम. त्यांच्या ज्या भागाला ते फॅमिली लर्निंग सायकल म्हणतात, तो दुसरी-तिसरीपासून आठवीपर्यंतच्या मुलांना एकत्र धरून रचलेला आहे. पाच वर्षांचं चक्र. पहिल्या वर्षी जगातले देश आणि तिथली माणसं, दुसऱ्या वर्षी सृष्टीच्या निर्मितीपासून ग्रीकांपर्यंत, तिसऱ्या वर्षी रोमपासून धर्मसुधारणेपर्यंत, चौथ्या वर्षी सागरी शोधांपासून १८५० पर्यंत, आणि पाचव्या वर्षी १८५० पासून आजपर्यंत. बायबल, इतिहास, भूगोल, विज्ञान, चित्रकला, संगीत सगळ्यांचं एकत्र. गणित आणि भाषा ज्याची त्याची वेगळी. दुसरीच्या खालच्या मुलांसाठी त्यांचे वेगळे सोपे कार्यक्रम आहेत, पण लहानगं शेजारी बसून ऐकू शकतं. मोठ्या मुलांना त्याच धड्यावर जास्तीचं वाचन आणि जास्तीचं लेखन. आईसाठी एक जाडजूड पुस्तक असतं, त्यात कोणत्या दिवशी काय करायचं ते चौकटीत मांडलेलं. त्या चौकटींनी माझं डोकं शांत ठेवलं. सकाळी उठून आज काय शिकवायचं हा विचार करावा लागत नाही.

या चक्रातल्या पहिल्या वर्षाचा सेट मी नवा घेतला नाही. पुण्यातलं एक कुटुंब देश सोडून चाललं होतं, त्यांच्याकडून जुना घेतला. पानांवर त्यांच्या मुलांचे पेन्सिलचे आकडे होते, ते खोडरबरानं पुसत मी आणि थोरली दोन संध्याकाळ बसलो. तुम्हालाही हेच सांगेन, आईचं पुस्तक जुनं घ्या आणि लिहायच्या वह्या तेवढ्या नव्या घ्या.

आता ते प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगते, कारण कंपनीच्या माहितीत हे मिळणार नाही.

सकाळी मिस्टर फर्स्ट शिफ्टला नाशिकच्या अंबडला गेले, कुकर उतरला, की साडेआठला सतरंजी पडते. प्रार्थना, एक गीत, मग बायबल. इंग्रजी पुस्तकातलं वचन मी घेत नाही, आपल्या मराठी पवित्र शास्त्रातलं तेच वचन काढून पाठ करून घेते. इंग्रजी पाठ झालं तरी मुलं ते आजीला म्हणून दाखवू शकत नाहीत, आणि आजीनं मान डोलावल्याशिवाय आमच्याकडे पाठांतर पूर्ण होत नाही. गीतांचंही तसंच. तिकडची इंग्रजी गीतं सुंदर आहेत, पण ज्या मंडळीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीतं गायली जातात, तिथल्या मुलांना ती आधी यायला हवीत. लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर जलालपूर, इथून जवळच, गोदावरीच्या काठी. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत, लिहायला-वाचायला घरात शिकल्या. घरी शिकवणं ही परदेशातून आलेली कल्पना आहे असं कुणी मला म्हटलं, की मी लक्ष्मीबाईंचं नाव घेते.

इतिहासाचा धडा मी आदल्या रात्री वाचून ठेवते. भांडी आवरली की एक तास. हा तास टाळता येत नाही, हे आधीच ध्यानात घ्या. पुस्तक इंग्रजीत, आणि थोरलीखेरीज कुणाला ते सरळ वाचता येत नाही. म्हणून मी वाचते आणि सकाळी मराठीत सांगते. मग एकेक जण तेच स्वतःच्या शब्दांत मला उलटं सांगतो. धाकटी आधी, कारण सांगणाऱ्यांत ती सगळ्यात लहान आणि तिचं सगळ्यात ताजं असतं. मधला तिचं राहिलेलं भरतो. थोरली वहीत लिहिते. धडा एकच, पण प्रत्येकजण आपापल्या ताकदीनं उचलतो. चौथं, आमचं शेंडेफळ, मध्येच माझ्या मांडीवर येऊन झोपतं.

या पद्धतीचं सोनं झालं ते तिसऱ्या वर्षी, रोमच्या वेळी. पुस्तकात सम्राट होते, रस्ते होते, प्रेषित पौल तुरुंगात होता. मधल्यानं विचारलं, “तेव्हा नाशिकमध्ये काय होतं?” पुस्तकात अर्थातच नव्हतं. पण पांडवलेणी तर आपल्याला रोज हायवेवरून दिसतात. शनिवारी सगळे गेलो. पायऱ्या चढून दहा नंबरच्या लेण्यापाशी पोचलो. तिथे नहपान या क्षत्रप राजाच्या जावयाचा, उषवदाताचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला, म्हणजे आमच्या पुस्तकातल्या रोमच्याच काळातला. त्याचा अर्थ मी आधी वाचून गेले होते.

लेखात काय आहे बघा. उषवदातानं ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, इथल्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे संघांकडे, कायमचे ठेवले. २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा १ व्याजानं. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, महिना शेकडा पाऊण व्याजानं. २००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर तिथेच राहणाऱ्या २० बौद्ध भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण कापडासाठी द्यायचे. गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूर रोडकडचंच गोवर्धन हे ऐकून मुलांनी डोळे मोठे केले.

धाकटीला मी म्हटलं, भिक्षू २०, तर कापडं किती? तिनं दोन्ही हातांची बोटं दोनदा मोजली. मधल्याला म्हटलं, २००० वर महिना शेकडा १, तर वर्षाचं व्याज किती? तो पायरीवर बसला, वहीत लिहिलं: महिन्याला २०, वर्षाला २४०. मग थांबला आणि स्वतःच ओरडला, “मम्मी, २० गुणिले १२ पण २४०! बरोब्बर पुरतात!” दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब त्याच्या वहीत जुळला. थोरलीला पाऊण टक्क्याचं दिलं, तिनं साडेसात गुणिले बारा, ९० काढले. आणि परत येताना रिक्षात तीच म्हणाली, की पौलसुद्धा तंबू करायचा, म्हणजे तोही कापडाच्याच धंद्यातला. प्रेषितांची कृत्ये, १८ वा अध्याय, आम्ही त्याच आठवड्यात वाचला होता.

एक दगड, तीन मुलं, तीन गणितं. इयत्तेप्रमाणे घेतलेल्या सेटमध्ये तो शनिवार आला नसता, कारण रोम फक्त एकाच्या पुस्तकात असता.

चक्राच्या पहिल्या वर्षी आफ्रिकेच्या वेळी असंच झालं होतं. मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं चरित्र मी वाचून दाखवत होते. १८७३ च्या मे महिन्यात तो आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याच्या सोबत्यांनी देह वाळवून, गुंडाळून, समुद्रापर्यंत वाहून आणला. त्यातला जेकब वेनराइट हा आपल्या नाशिकच्या शरणपूरला शिकलेला. गुलामांच्या जहाजावरून सोडवलेल्या मुलांना चर्च मिशनरी सोसायटीनं इथे आणून शिकवलं होतं, शरणपूरची वस्ती त्यांनी १८५४ साली वसवली. ज्या झाडाखाली लिव्हिंग्स्टनचं हृदय पुरलं त्यावर जेकबनं अक्षरं कोरली, आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीबरोबर तो होता. मी हे सांगितलं तेव्हा धाकटी ५ वर्षांचीही नव्हती. तिनं उलटं सांगताना म्हटलं, “जेकबदादा आपल्या गल्लीत अ आ इ शिकला आणि मग झाडावर लिहिलं.” भाषा कुठली शिकला याचा तिचा घोटाळा मी सुधारला नाही त्या दिवशी.

एवढं सगळं आवडूनही काही गोष्टी तुम्हाला स्पष्ट सांगायला हव्यात.

हा अमेरिकन अभ्यासक्रम आहे, आणि चौथ्या-पाचव्या वर्षात अमेरिकेचा इतिहास मोठी जागा घेतो. आपल्या मुलांना तो कळावा, पण शिवाजी महाराजांच्या जागी नाही. आम्ही बालभारतीची पुस्तकं जोडीला ठेवतो, त्यांच्या साइटवर ती फुकट मिळतात. चौथीच्या परिसर अभ्यास भाग दोनमधली शिवछत्रपती आमच्याकडे सतरंजीवर सगळ्यांनाच एकत्र वाचून झाली. मराठी आणि गणितही पूर्णपणे बालभारतीचं. अमेरिकन गणितात सेंट, क्वार्टर, इंच आणि औंस येतात, ते आपल्या मुलांना शिकवण्यात वेळ घालवू नये असं माझं ठाम मत आहे.

दुसरं, हे प्रोटेस्टंट दृष्टीनं लिहिलेलं आहे. तिसऱ्या वर्षाचं नावच धर्मसुधारणेवर संपतं. आमच्या शेजारच्या कॅथलिक ताई दर फेब्रुवारीला बाळ येशूच्या यात्रेला नाशिकरोडला जातात, त्यांनी मला विचारलं तेव्हा मी त्यांना हे घ्या असं म्हटलं नाही. अमेरिकेतली सेटन होम स्टडी स्कूल कॅथलिक आहे, ते बघा म्हटलं. आपल्या मंडळीची शिकवण आणि पुस्तकाची शिकवण जुळते का, हे आधी बघावं, आणि शंका असेल तिथे आपल्या पाळकसाहेबांना पुस्तक नेऊन दाखवावं. मी दाखवलं होतं. त्यांनी दोन आठवडे ठेवून घेतलं आणि तीन ठिकाणी खुणा करून परत दिलं. त्या खुणा अजून आहेत.

तिसरं परीक्षेचं. हा कुठलाच अभ्यासक्रम आपल्याकडे दहावीचं प्रमाणपत्र देत नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी, आणि त्यात घरी शिकवण्याबद्दल स्वतंत्र तरतूद नाही. म्हणून परीक्षेचा रस्ता आधीपासून ठरवून ठेवावा. आम्ही थोरलीसाठी एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय बोर्ड, ठरवलंय. माध्यमिकला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, किमान ५ विषय, परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा. राज्य बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या बसणारीही मुलं आहेत. सासूबाई सुरुवातीला रोज विचारायच्या, “अगं, शाळा नाही तर पोरांचं पुढे कसं?” एनआयओएसचे कागद समोर ठेवले तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

विज्ञानाचा विषयही याच ठिकाणी येतो. ख्रिस्ती अभ्यासक्रमांत बहुतेक ठिकाणी सृष्टीची निर्मिती हाच पाया असतो, आणि तो आमचा विश्वास आहे. पण राज्य बोर्डाच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमधला पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती. तो मी थोरलीला नीट, पूर्ण शिकवते आहे. शास्त्रज्ञ काय म्हणतात आणि कशावरून म्हणतात, हे तिला खाडाखोड न करता सांगता आलं पाहिजे. न शिकवता तिला परीक्षेला बसवणं हा तिच्यावर अन्याय होईल.

विज्ञानाला या वर्षी आम्ही माय फादर्स वर्ल्डचं न घेता अपोलोजिया या ख्रिस्ती प्रकाशनाचं उडणाऱ्या प्राण्यांवरचं पुस्तक घेतलं. पक्षी, वटवाघळं, कीटक, वर्षभर एवढंच. पुन्हा सगळी मुलं एकत्र. ज्यांना माय फादर्स वर्ल्डचा पूर्ण सेट परवडत नाही, त्यांनी निदान हे एक पुस्तक आणि मराठी शास्त्र घेऊन सुरुवात करावी. त्यातले बरेच पक्षी अमेरिकेतले, पण पिसं, चोच, घरटं, उडणं यांची समजूत इथेही तीच. जानेवारीत आम्ही निफाडजवळच्या नांदूर मध्यमेश्वरला गेलो. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा तो जलाशय, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० साली जाहीर झालेला. तिथल्या वाटाड्यानं दुर्बीण मधल्याच्या हातात दिली आणि काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा पक्षी दाखवून म्हणाला, “हा वारकरी.” घरी येऊन मधल्यानं अपोलोजियाच्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलनं लिहिलं: वारकरी, चित्रबलाक, शराटी, खंड्या. ते पुस्तक आता मी कुणाला विकणार नाही.

जूनपासून चौथं वर्ष. पॅसेजच्या भिंतीवर आमची कागदाची कालरेषा आहे, वरच्या पट्टीत पुस्तकातल्या घटना, खालच्या पट्टीत आपल्याकडच्या. पुस्तक उघडायच्या आधीच थोरलीनं खालच्या पट्टीत चार चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्यात: १४९८ वास्को द गामा, १६७४ राज्याभिषेक, १८१८ पेशवाई संपली, १८४२ ज्ञानोदय हे मराठी ख्रिस्ती नियतकालिक सुरू झालं. वरची पट्टी अजून कोरी आहे.